कामामुळे आजार झालाय असं वाटतंय? 'ऑक्युपेशनल हेल्थ'चा डॉक्टर कुठे आणि कसा शोधायचा?

फाउंड्रीत फेटलिंगचं काम करणाऱ्याचा खोकला महिनोन् महिने जात नाही. यंत्रमागावर वीस वर्षं काढलेल्याला घरी टीव्हीचा आवाज मोठा लागतो. गवंड्याच्या हातांना पडलेल्या भेगा कुठल्याच मलमाने भरत नाहीत. गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे पेंट मारणाऱ्याला रात्री दम लागतो.

असे रुग्ण आधी घराजवळच्या दवाखान्यात जातात. कुणाला सिरप मिळतं, कुणाला मलम, कुणाला पंप. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. कारण अनेकदा एक साधा प्रश्न विचारलाच जात नाही: तुम्ही काम काय करता?

हा प्रश्न विचारायला हवा, हे वैद्यकशास्त्राला तीनशे वर्षांपासून माहिती आहे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांसोबत त्याचा व्यवसायही विचारा, असा त्याचा इतर डॉक्टरांना सल्ला होता. वैद्यकशास्त्राची 'ऑक्युपेशनल मेडिसिन' ही शाखा याच विचारावर उभी आहे.

पण महाराष्ट्रातल्या एखाद्या कामगाराला आज असा डॉक्टर हवा असेल, तर तो सापडतो कुठे? त्याची पाटी कशी ओळखायची? आणि तो सापडला नाही तर काय करायचं?

हा डॉक्टर नेमकं काय करतो?

काम आणि आजार यांचा संबंध तपासणं, हे या डॉक्टरचं मुख्य काम. छातीचा डॉक्टर फुप्फुसात काय बिघडलंय ते सांगतो. ऑक्युपेशनल हेल्थचा डॉक्टर त्यापुढे जाऊन विचारतो, की हे कशामुळे झालं, त्यामागे कामाच्या ठिकाणची धूळ, रसायन, आवाज, उष्णता किंवा सततची एकच हालचाल आहे का, आणि हा माणूस उद्या त्याच जागी परत उभा राहिला तर काय होईल?

म्हणूनच त्याच्या सल्ल्यात औषधांच्या नावांपलीकडेही बरंच काही असतं. 'या माणसाला धुळीच्या विभागातून हलवा', 'दगड कापताना पाणी वापरा', 'दर सहा महिन्यांनी फुप्फुसांची तपासणी करा' अशा सूचना तो देऊ शकतो. कामातून आलेल्या अनेक आजारांमध्ये औषधापेक्षा हीच गोष्ट जास्त महत्त्वाची ठरते.

सिलिकोसिसचं उदाहरण घ्या. दगडखाणी, स्टोन क्रशर, फाउंड्री, सँडब्लास्टिंग, टाइल्स आणि ग्रॅनाइट कटिंग अशा कामांत सिलिकाची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथे व्रण तयार होतात. हे व्रण पुसून टाकणारं औषध आजही नाही. त्यामुळे आजार लवकर ओळखणं आणि माणसाला धुळीपासून दूर करणं, एवढंच हातात उरतं.

अडचण अशी, की सिलिकोसिसची लक्षणं टीबीसारखीच असतात: खोकला, दम, वजन घटणं, एक्स-रेमध्ये डाग. त्यामुळे सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबीचे उपचार दिले जाण्याचा धोका असतो. गुंतागुंत आणखी वाढते, कारण सिलिकाच्या धुळीमुळे टीबी होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे काही जणांना दोन्ही आजार एकदम असतात. टीबीचं औषध चालू आहे आणि माणूस रोज त्याच धुळीत जातोय, ही परिस्थिती फक्त कामाची चौकशी केली तरच लक्षात येते.

आजार कामातूनच आलाय, हे कसं ओळखायचं?

खात्री तपासणीनंतरच होते. पण डॉक्टरकडे जाण्याआधी काही खुणा स्वतःला तपासता येतात.

• सुट्टीत बरं वाटतं का? आठवडी सुट्टीला किंवा गावी गेल्यावर दम, खाज, डोकेदुखी कमी होते आणि कामावर परतल्यावर पुन्हा सुरू होते, ही मोठी खूण आहे.

• सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त त्रास होतो का? कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात आठवडी सुट्टी संपवून कामावर गेलं, की छाती आवळल्यासारखी होते. सूतगिरण्या आणि कापड गिरण्यांमधल्या कामगारांचा हा ओळखीचा आजार.

• बाजूच्यालाही तोच त्रास आहे का? एकाच खात्यातल्या तिघा-चौघांना सारखीच तक्रार असेल, तर कारण कामाच्या जागी असण्याची शक्यता वाढते.

• काम, मशीन किंवा केमिकल बदलल्यावर त्रास सुरू झाला का?

• शिफ्ट संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का? हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं का? तसं असेल, तर तिथला आवाज कानांना घातक असू शकतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सगळेच आजार लगेच दिसत नाहीत. सिलिकोसिस बहुतेकदा दहा किंवा त्याहून जास्त वर्षांनी दिसतो, पण धूळ फार जास्त असेल तर काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांतही होतो. ॲस्बेस्टॉसशी संबंधित आजार वीस ते चाळीस वर्षांनीही समोर येतात. म्हणजे साठीतल्या माणसाचा आजार त्याच्या पंचविशीतल्या नोकरीतून आलेला असू शकतो. 'मी आता ते काम करत नाही' म्हणून ती माहिती डॉक्टरपासून लपवू नये किंवा सोडून देऊ नये.

जवळच्या दवाखान्यात असा डॉक्टर मिळतो का?

मिळू शकतो. पण बाहेर 'ऑक्युपेशनल मेडिसिन' अशी पाटी सहसा नसते. त्यामुळे नावापुढची अक्षरं वाचावी लागतात.

भारतात या क्षेत्रातली सगळ्यात ओळखीची पात्रता म्हणजे 'एएफआयएच', अर्थात असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत सायनला असलेल्या केंद्रीय श्रम संस्थेतही तो शिकवला जातो. काही डॉक्टरांकडे 'डीआयएच' म्हणजे इंडस्ट्रियल हेल्थमधली पदविका असते. कम्युनिटी मेडिसिन किंवा पीएसएम या विषयात एमडी केलेल्या डॉक्टरांनीही ऑक्युपेशनल हेल्थचा अभ्यास केलेला असतो.

एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी शोधाची एक सोपी जागा आहे. महाराष्ट्रात आतापर्यंत चालत आलेल्या कारखाने नियमांनुसार, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर ठेवावं लागतं. २०० पेक्षा जास्त कामगार असतील तर पूर्णवेळ डॉक्टर लागतो. पण कामगार ५० किंवा त्याहून कमी असतील, तर बाहेरच्या डॉक्टरची सेवा रिटेनर पद्धतीने घेता येते. याचा अर्थ असा, की औद्योगिक वसाहतीजवळ साधं क्लिनिक चालवणारा एखादा डॉक्टर तीन-चार छोट्या कारखान्यांचाही डॉक्टर असू शकतो. तिथल्या मेडिकल स्टोअरवाल्याला, युनियनच्या माणसाला किंवा कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला विचारलं, तर असं नाव कळण्याची शक्यता चांगली असते.

इंडियन असोसिएशन ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ ही या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना १९४८ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. नाव शोधायला हा आणखी एक मार्ग.

नाव मिळालं, की क्लिनिकला फोन करून तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनी इंडस्ट्रियल हेल्थचं शिक्षण घेतलंय का? ते कारखान्याबाहेरचे रुग्ण तपासतात का? आणि कामाचा इतिहास घेऊन लेखी मत देतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसरं नाव शोधलेलं बरं. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे की नाही, हे कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतं.

कंपनीचाच दवाखाना असेल तर?

मग पहिला दरवाजा तोच. कारखान्यात कोणती रसायनं वापरली जातात, कुठे धूळ जास्त आहे, हे कंपनीच्या डॉक्टरला बाहेरच्या डॉक्टरपेक्षा चांगलं माहिती असतं.

१९४८ च्या कारखाने कायद्याने धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची कामावर लावण्याआधी, नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने आणि ते काम सोडल्यावरही वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. या तपासणीच्या नोंदी कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, असंही हा कायदा सांगतो. पण अनेक जण तपासणीला रांगेत उभे राहतात, रक्त देतात आणि रिपोर्ट काय आला ते कधीच विचारत नाहीत.

तो रिपोर्ट मागायला हवा. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा रिपोर्ट शेजारी ठेवला, तर फुप्फुसांची ताकद किंवा ऐकण्याची क्षमता किती घटली ते दिसतं. एकट्या आजच्या रिपोर्टमधून ते कळत नाही.

या नोंदींचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं होतं. ॲस्बेस्टॉस उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी, असा आदेशही न्यायालयाने दिला.

'फिट' लिहिलेला कागद म्हणजे तपासणी झाली का?

इथे अनेकांची गल्लत होते. कामावर घेण्याआधी बहुतेक ठिकाणी फिटनेस सर्टिफिकेट मागतात. हा माणूस हे काम करू शकतो का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्यात असतं. कामामुळे त्याला आजार झालाय का, हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे.

शिवाय कंपनीच्या डॉक्टरचा पगार कंपनी देते. तो प्रामाणिकपणे काम करत असला, तरी कामगाराच्या मनात शंका राहते. अशा वेळी बाहेरच्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी रुग्णालयाचं, दुसरं मत घ्यावं. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही.

ईएसआय कापला जातो, त्यांनी काय करायचं?

ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा रस्ता आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

सुरुवात आपल्या भागातल्या ईएसआय दवाखान्यापासून किंवा पॅनेल डॉक्टरपासून होते. तिथे फक्त 'खोकला आहे' असं सांगू नये. 'मी अमुक खात्यात इतकी वर्षं काम करतो, हा त्रास कामामुळे आहे असं मला वाटतं, व्यवसायजन्य आजारासाठी तपासणी हवी आहे' असं स्पष्ट सांगावं आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावं. तिथून ईएसआय रुग्णालयाकडे पाठवलं जातं. व्यवसायजन्य आजारांसाठी ईएसआयसीची मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि इंदूर इथे खास केंद्रं आहेत. आजार कामातून आलाय का आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली, हे ईएसआयसीचं मेडिकल बोर्ड ठरवतं.

हे ठरणं का महत्त्वाचं? कारण त्यावर पैसे अवलंबून असतात. ईएसआय कायद्याने यादीतल्या व्यवसायजन्य आजाराला कामावरच्या अपघाताइतकंच मानलं आहे. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कायमचं अपंगत्व आलं, तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. तोच आजार केसपेपरवर साधा आजार म्हणून नोंदला गेला, तर हे दोन्ही लाभ हातातून जातात.

सरकारी रुग्णालयात कोणत्या ओपीडीला जायचं?

कंपनीचा दवाखाना नाही, ईएसआय नाही, तर सरकारी किंवा महापालिकेचं मेडिकल कॉलेज हा सगळ्यात भरवशाचा पर्याय. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे.; पुण्यात ससून; छत्रपती संभाजीनगरमध्ये घाटी; नागपूरमध्ये मेडिकल आणि मेयो; कोल्हापुरात सीपीआर.

केसपेपर काढताना 'ऑक्युपेशनल मेडिसिन' असं विचारलं, तर खिडकीवरचा माणूस गोंधळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी त्रासाप्रमाणे विभाग निवडावा. दम आणि खोकल्यासाठी छातीचा विभाग, ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा, हातांवरच्या चट्ट्यांसाठी त्वचारोग, मनगट आणि कंबरेसाठी अस्थिरोग. आजार कळला, की तिथल्या डॉक्टरांना विनंती करावी, की काम आणि आजाराच्या संबंधाबद्दल पीएसएम विभागाचं मत घ्या. प्रत्येक मेडिकल कॉलेजमध्ये हा विभाग असतो आणि ऑक्युपेशनल हेल्थ हा त्याच्या अभ्यासाचा भाग आहे.

याच्याही वर अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायिक आरोग्य संस्था आहे. ती आयसीएमआरची संस्था असून १९६६ मध्ये सुरू झाली. एकेका रुग्णाने थेट तिथे धाव घेण्याची गरज सहसा पडत नाही. पण एकाच कारखान्यातल्या किंवा वस्तीतल्या अनेकांना सारखाच त्रास असेल, तर डॉक्टर, युनियन किंवा प्रशासन तिथला सल्ला मागू शकतं.

ज्यांना ना कंपनी, ना ईएसआय, त्यांचं काय?

घरी बिडी वळणाऱ्या बायका, नाक्यावरचे बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार, फवारणी करणारे शेतमजूर. महाराष्ट्रात कामाचा मोठा भाग यांच्या खांद्यावर आहे आणि ऑक्युपेशनल हेल्थच्या डॉक्टरपासून सगळ्यात लांब हेच आहेत.

त्यांच्यासाठी पहिली पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरातला 'आपला दवाखाना'. तिथला डॉक्टर या विषयातला तज्ज्ञ नसेल, पण तो केसपेपरवर कामाची नोंद करू शकतो आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवू शकतो. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेतून तज्ज्ञाचा सल्लाही घेता येतो.

बांधकाम मजुरांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर ते राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतात. मंडळाच्या आरोग्यविषयक योजना नोंदणी असलेल्यांनाच मिळतात. चंद्रपूर, वणी, नागपूर भागातल्या खाण कामगारांसाठी कायदा वेगळा आहे. खाण नियमांनुसार कामावर घेताना आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी त्यांची वैद्यकीय तपासणी करावी लागते.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

सरकारी ओपीडीत डॉक्टरला प्रत्येक रुग्णासाठी थोडीच मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात वीस वर्षांचा कामाचा इतिहास सांगून होत नाही. म्हणून तो आधीच एका कागदावर लिहून न्यावा.

• आतापर्यंतची सगळी कामं: कोणत्या वर्षी, कुठे, नेमकं कोणतं काम. 'कंपनीत आहे' एवढं पुरेसं नाही. 'ग्राइंडिंग', 'डाइंग', 'बॅटरीच्या प्लेटा वितळवणं' असं लिहावं.

• रोज किती तास, आठवड्यात किती दिवस, जागा बंद आहे की उघडी, पंखा किंवा धूर ओढून घेणारं मशीन आहे का.

• वापरात असलेल्या केमिकलचं नाव. माहिती नसेल तर डबा किंवा ड्रमच्या लेबलचा मोबाईलवर फोटो. प्रत्येक घातक रसायनासोबत 'सेफ्टी डेटा शीट' येते. ती मागून घेता आली तर उत्तम.

• मास्क, हातमोजे, इअरप्लग मिळतात का, कोणते आणि रोज वापरले जातात का. इथे खरं सांगावं. फडका बांधून काम करत असाल तर तसंच सांगा.

• त्रास कधी सुरू झाला, सुट्टीत कमी होतो का, सहकाऱ्यांना आहे का.

• विडी, सिगारेट, तंबाखूची सवय. ती लपवली तर निदान चुकू शकतं.

• जुने एक्स-रे, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. सोबत पगाराची स्लिप, ओळखपत्र, ईएसआय कार्ड, म्हणजे ते काम केल्याचा पुरावा.

कामाचे कपडे घरी कोण धुतं, हेही सांगावं. शिसं आणि ॲस्बेस्टॉस कपड्यांवरून घरात येतात आणि बायको-मुलांनाही त्याचा त्रास होऊ शकतो.

कोणत्या तपासण्या होऊ शकतात?

धुळीच्या कामात छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं. धुळीमुळे झालेल्या आजारात एक्स-रे वाचण्याची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, म्हणजे आयएलओची ठरलेली पद्धत आहे. एक्स-रे त्या पद्धतीने वाचून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

दमा कामामुळे आहे का, हे बघायला 'पीक फ्लो मीटर' नावाचं छोटं उपकरण घरी देतात. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी, दिवसातून चार-चार वेळा त्यात फुंकून आकडे लिहायचे. काही आठवड्यांच्या आकड्यांमधून कामाचा संबंध दिसू लागतो.

आवाजाच्या कामात ऑडिओमेट्री करतात. आवाजामुळे आलेल्या बहिरेपणात ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकण्यात खास खड्डा दिसतो. ही तपासणी शिफ्ट संपल्यावर लगेच करू नये. त्याआधी किमान १४ तास कान गोंगाटापासून लांब हवेत, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

बॅटरी किंवा शिशाच्या कामात रक्तातलं शिसं तपासतात. कातडीच्या ॲलर्जीत पॅच टेस्ट करतात. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी त्यातूनच कळते.

डॉक्टरने फक्त उपचार करून भागतं का?

नाही. कारखाने कायद्याने २९ आजारांची यादी दिली. त्यात शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा, कामातून आलेला कॅन्सर, त्वचेचा दाह हे आजार आहेत. कारखान्यात काम केलेल्या रुग्णाला यातला आजार झालाय असं वाटलं, तर डॉक्टरने ते लेखी कळवणं बंधनकारक आहे. मग तो डॉक्टर कंपनीचा असो की गल्लीतला.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कारखाने कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. २९ आजारांची यादी आणि डॉक्टरवरची कळवण्याची जबाबदारी तिथेही कायम आहे. ठरावीक कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूदही या संहितेत आहे. ईएसआय आणि नुकसानभरपाईचे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत.

महाराष्ट्रात कारखान्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. या संचालनालयाकडे 'सर्टिफाइंग सर्जन' म्हणजे प्रमाणक शल्यचिकित्सक हे वैद्यकीय अधिकारीही असतात. कारखान्यात तपासण्या होत नसतील किंवा अनेकांना सारखा आजार दिसत असेल, तर तक्रार इथे करता येते.

ईएसआय लागू नसलेल्या कामगाराला मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे निदानाचा लेखी कागद मिळाला की थांबू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत कायदेशीर मदत मागण्याचा हक्क आहे.

'आजार सांगितला तर काम जाईल', या भीतीचं काय?

ही भीती खोटी नाही. कंत्राटी कामगाराला तर उद्यापासून येऊ नको म्हणायला एक फोन पुरतो. म्हणूनच अनेक जण दम लागत असताना वर्षानुवर्षं गप्प राहतात.

यावर सोपं उत्तर नाही, पण काही गोष्टी हातात आहेत. बाहेरच्या डॉक्टरने केलेलं निदान रुग्णाच्या परवानगीशिवाय मालकाला सांगितलं जाऊ नये, हा वैद्यकीय गोपनीयतेचा नियम आहे. यादीतला आजार सरकारी यंत्रणेला कळवणं हा कायद्याने घातलेला अपवाद. डॉक्टरकडून 'अनफिट' असा एका शब्दाचा शेरा घेण्याऐवजी कोणतं काम चालेल आणि कोणतं नाही, हे लिहून घ्यावं. 'धुळीच्या खात्यात नको, पॅकिंगला चालेल' अशा कागदावर बोलणी होऊ शकतात. आणि शक्य असेल तिथे एकट्याने न जाता, तोच त्रास असलेल्या सहकाऱ्यांनी मिळून तपासणीची मागणी करावी. दहा जणांच्या अर्जाकडे दुर्लक्ष करणं एका अर्जापेक्षा अवघड जातं.

कधी थांबायचंच नाही?

वर सांगितलेला सगळा शोध जुन्या, हळूहळू वाढणाऱ्या त्रासासाठी आहे. गॅसची गळती, केमिकल अंगावर किंवा डोळ्यात उडणं, टाकीत किंवा गटारात उतरल्यावर गुदमरणं, फवारणीनंतर घाम सुटणं, उलट्या होणं, डोळ्यांसमोर धूसर दिसणं अशा वेळी तज्ज्ञ शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले होते.

टाकीत किंवा गटारात कुणी बेशुद्ध पडलं, तर श्वसनाच्या साधनांशिवाय त्याच्या मागे उतरू नये. वाचवायला गेलेलाही त्याच गॅसने गुदमरतो. कपड्यांवर विष सांडलं असेल तर ते कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावं. सोबत बाटली, पुडा किंवा त्याच्या लेबलचा फोटो न्यावा. कोणतं विष शरीरात गेलंय हे डॉक्टरला त्यावरूनच पटकन कळतं.